'पेन' शब्दाची कुळकथा

'पेन' हा इंग्रजी शब्द आतां आपल्या घरांतून परका राहिलेला नाहीं. पाठ धरली कीं 'पेनकिलर'ची गोळी शोधावी, आणि प्रसूतिगृहांतून 'पेन्स सुरू झाल्या' असा निरोप यावा, इतका तो आपल्या बोलण्यांत मुरला आहे. लेखणी ह्या अर्थाचें 'पेन' तें अर्थातच निराळें. तें पिसाच्या लॅटिन नांवावरून आलें, आणि देवनागरींत दोघांचा वेष सारखा दिसतो एवढेंच. येथें विचार करावयाचा तो दुखण्याच्या 'पेन'चा. रोज हाताळलेल्या नाण्यावरील छाप कोणी निरखून पाहत नाहीं, तसें ह्या शब्दाचें झालें आहे. परंतु तो जरा उजेडांत धरला, तर त्यावर वैद्याचें किंवा रोग्याचें चित्र दिसत नाहीं; न्यायसभेचें दिसतें. मूळचा दंडवाचक शब्द वेदनावाचक कसा झाला, आणि त्या दंडाच्या कल्पनेनें खऱ्याखुऱ्या दुखणाइतांस किती छळलें, हें पाहणें केवळ भाषाशास्त्राच्या कुतूहलापुरतें महत्त्वाचें नाहीं.

ह्या शब्दाचा जुना पूर्वज ग्रीक भाषेंतील 'पोइने'. होमरच्या 'इलियड' काव्याच्या १८ व्या सर्गांत अकिलीज ह्या वीरासाठीं देवांचा लोहार एक ढाल घडवितो व तिजवर मनुष्यजीवनाचीं नाना चित्रें कोरतो. त्यांतील एक चित्र भर बाजारांतील न्यायसभेचें आहे. एका मनुष्याचा वध झाला आहे, आणि त्याच्या 'पोइने'वरून दोन पुरुषांचा वाद चालला आहे. भोंवतीं जमलेले लोक आपापल्या पक्षाची बाजू घेऊन ओरडत आहेत. वृद्ध पंच गुळगुळीत शिळांवर वर्तुळाकार बसले आहेत. आणि जो सर्वांत सरळ न्याय सांगेल त्यास देण्यासाठीं मध्यभागीं सोन्याचे दोन टॅलंट ठेविले आहेत. 'पोइने' म्हणजे वध करणाऱ्यानें मृताच्या आप्तांस द्यावयाची भरपाई, रक्ताचें मोल. ९ व्या सर्गांत एजॅक्स हा वीर रुसून बसलेल्या अकिलीजास हेंच सांगतो कीं, भावाच्या किंवा मुलाच्या वधाबद्दलही माणसें असें मोल स्वीकारून आपला क्रोध आवरतात. तेव्हां मूळ शब्द सूड वाढविणारा नव्हता, सूड थांबविणारा होता. त्यांत देहाच्या दुखण्याचा मात्र लवलेशही नव्हता.

ह्या शब्दाचे भाऊबंद भाषाशास्त्रज्ञांनीं दूरदूरच्या देशांत शोधून काढले आहेत. अवेस्तेंतील 'कएना' म्हणजे सूड किंवा शिक्षा, आणि फारसींतील 'कीन' म्हणजे वैर. हे दोन्ही ह्याच कुळांतले. लिथुआनियन भाषेंतील 'काइना' आणि रशियन भाषेंतील 'त्सेना' ह्यांचा अर्थ साधा 'किंमत' असा आहे. संस्कृतांतही 'चयते' हें क्रियापद सूड घेणें, शासन करणें ह्या अर्थीं येतें, आणि 'अपचिति' शब्दाचा एक अर्थ परतफेड असा कोशांत दिलेला आहे. मूळच्या एकाच वर्णाचा ग्रीकांत 'प', इराणींत 'क' आणि संस्कृतांत 'च' कसा होतो, ह्याचे नियम ठरलेले आहेत. म्हणून वरवर न जुळणारे हे शब्द एका घरचे ठरतात. कल्पनाही केवळ ग्रीकांचीच नव्हती. ऋग्वेदांत 'वैरदेय' हा शब्द येतो, आणि मनुष्यवधाबद्दल द्यावयाची भरपाई असा त्याचा अर्थ विद्वान् लावतात. किंमत, भरपाई, परतफेड आणि सूड हीं चारही एकाच झाडाचीं फळें होत.

ग्रीकांकडून रोमन लोकांनीं हा शब्द घेऊन त्याचा 'पोएना' केला. इसवी सनापूर्वीं ४५० च्या सुमारास रोमचे कायदे बारा पट्टांवर लिहून प्रसिद्ध झाले. त्यांत किरकोळ इजेबद्दल ब्राँझच्या २५ 'आसां'चा दंड सांगितला आहे, आणि तेथें हाच शब्द योजिला आहे. स्वतंत्र माणसाचें हाड मोडल्यास ३०० आस, आणि गुलामाचें मोडल्यास १५०. मोडलेलें हाड दोघांचेंही सारखेंच दुखलें असणार; परंतु कायद्याच्या वहींत एकाची वेदना दुसऱ्याच्या निम्म्या मोलाची होती.

'पोएना'ची संतति आजही आपल्या भोंवतीं नांदत आहे. 'पनिशमेंट' तिची, खेळाच्या मैदानावरील 'पेनल्टी' तिची. ज्यास शिक्षेचें भय उरलेलें नाहीं त्याच्या स्थितीस 'इम्प्युनिटी' म्हणतात, तो शब्दही तिचाच. साक्षीस हजर राहण्याचा 'सब्‌पीना' म्हणजे शब्दशः 'शिक्षेच्या भयाखालीं' दिलेला हुकूम. मेकॉलेच्या कमिशननें १८३७ सालीं ज्याचा मसुदा सिद्ध केला, जो १८६० सालीं संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला, त्या 'इंडियन पीनल कोडां'तील 'पीनल' हाही ह्याच घरचा. लोकमान्य टिळकांवरील १८९७ व १९०८ सालचे राजद्रोहाचे खटले ह्याच कायद्याखालीं चालले. १ जुलै २०२४ रोजीं त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, आणि ग्रंथाच्या नांवांतून दंड जाऊन न्याय आला. उलट 'रिपेंट' व 'पेनिटन्स' हे पश्चात्तापवाचक शब्द मात्र दिसण्यांत सारखे असूनही ह्या कुळांतले नाहींत. त्यांचें लॅटिन मूळ वेगळें आहे. शिक्षा आणि पश्चात्ताप हीं एकमेकांजवळ राहत असल्यामुळें लोकांनीं त्यांस सख्खीं भावंडें मानलें इतकेंच.

इंग्लंडांत हा शब्द दोनदां शिरला. इ. स. ५९७ मध्यें रोमहून ख्रिस्ती धर्मोपदेशक केंट प्रांतीं उतरले. त्यांच्या धर्माबरोबर आलेल्या लॅटिन शब्दांत हाही होता, आणि जुन्या इंग्रजींत त्याचें 'पीन' असें रूप झालें. पापी आत्म्यांच्या छळाविषयीं तो बोलला जाई. त्याचाच वंशज आजचा 'पाइन', म्हणजे विरहानें झुरणें. नरकांतला छळ प्रेमिकांच्या उसाशापर्यंत सौम्य झाला. दुसऱ्या वेळीं हाच शब्द १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच राज्यकर्त्यांच्या तोंडून 'पेन' होऊन आला. इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजींत तो रुळूं लागला, तेव्हां त्याचा अर्थ प्रथम शिक्षा, विशेषतः मरणोत्तर शिक्षा, असाच होता. शिक्षा आणि ती भोगतांना होणारे हाल हीं दोन्ही एकाच शब्दानें बोललीं जाऊं लागलीं, आणि हळूहळू हालांनीं शिक्षेस बाजूला सारलें. फ्रेंच भाषेंत तसें पूर्णपणें घडलें नाहीं. तेथें शरीराच्या दुखण्यास 'दूलर' हा वेगळा शब्द आहे, आणि फ्रान्सनें १९८१ सालीं जी रद्द केली त्या देहान्त शिक्षेचें नांव आजही 'पेन द मॉर' असेंच आहे. इंग्रजींतही जुना अर्थ अगदींच मेला नाहीं. 'ऑन पेन ऑफ डेथ' म्हणजे मृत्यूच्या शिक्षेच्या भयानें. दुसरीकडे, 'पेन्स घेणें' म्हणजे कष्ट घेणें, असा एक सालस अर्थही त्यास चिकटला आहे.

शिक्षा आणि वेदना ह्यांचें हें मीलन कोशापुरतें राहिलें असतें तर बरें होतें. इंग्रजी न्यायालयांत जो आरोपी 'गुन्हा कबूल' किंवा 'नाकबूल' ह्यांपैकीं कांहींच बोलत नसे, त्याच्या छातीवर वजनें रचीत जाण्याची रीत होती, आणि तिचें नांवच 'जबर व कठोर पेन' ह्या अर्थाचें फ्रेंच नांव होतें. इ. स. १६९२ मध्यें अमेरिकेंतील सेलम येथें, चेटकाच्या आरोपावरून, जाइल्स कोरी नांवाचा वृद्ध शेतकरी अशा वजनांखालीं मेला. इंग्लंडांत ही चाल १७७२ सालीं बंद झाली. दंड, छळ आणि दुखणें हे तिन्ही अर्थ ह्या एका नांवांत एकत्र नांदत होते.

ह्या परदेशी पाहुण्यापूर्वीं इंग्रजांजवळ दुखण्यासाठीं स्वतःचे शब्द नव्हते असें नाहीं. 'सोअर' हा त्यांचा. त्यावरूनच 'सॉरी' आला, म्हणजे मुळांत ज्याचें मन दुखावलें आहे असा. 'हेडेक'मधला 'एक्' हाही त्यांचाच. ह्या दुसऱ्या शब्दाची एक गंमत आहे. शेक्सपियरच्या काळीं त्याचें नामरूप 'एच्' असें उच्चारीत, आणि त्यावरून रोमन लिपींतील 'एच' अक्षरावर त्यानें एका नाटकांत श्लेषही साधला आहे. पुढें १७५५ सालीं डॉ. जॉन्सन ह्यांनीं आपल्या प्रसिद्ध कोशांत हा शब्द एका ग्रीक शब्दापासून आला असें मानून त्याचें स्पेलिंग ठरविलें. ती व्युत्पत्ति चुकीची होती. तरी स्पेलिंग तें तसेंच राहिलें. शब्दाच्या मुळाविषयींची समजूत, मग ती खरी असो वा खोटी, एकदां चिकटली कीं सहजासहजीं सुटत नाहीं, ह्याचें हें निरुपद्रवी उदाहरण. 'पेन'च्या मुळाशीं असलेली समजूत इतकी निरुपद्रवी ठरली नाहीं.

तिकडे वळण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकावून पाहणें न्यायाचें होईल. 'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणें ह्या धातूपासून आला. मुळांत वेदना म्हणजे जाणीव. बौद्ध ग्रंथांत तर सुखद, दुःखद आणि दोन्हीही नसलेली अशा तीन वेदना सांगितल्या आहेत. पुढें दुःखद जाणिवेनेंच तो शब्द व्यापला. प्रसूतीच्या 'वेणा' हें ह्याच शब्दाचें प्राकृतांतून मराठींत उतरलेलें रूप. 'पीडा' म्हणजे दाबणें, पिळणें. 'व्यथा' म्हणजे कांपणें, डळमळणें. 'शूळ' म्हणजे भोंसकणारें शस्त्र. ह्या शब्दांत कोठेंही अपराध नाहीं. दुखण्याचें केवळ वर्णन आहे. एवढ्यावरून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. परंतु त्यांच्याच शेजारीं 'यातना' बसली आहे. तिचा जुना अर्थ परतफेड, प्रतिफल. आणि मग यमानें पाप्यांस दिलेली शिक्षा. म्हणजे 'पोएना' ज्या वाटेनें गेली, अगदीं त्याच वाटेनें आपली 'यातना'ही गेली. आणि 'भोग' हा शब्द तर आपल्या घरोघरीं आहे. सांधे धरलेल्या आजीस, वर्षानुवर्षें अर्धशिशीनें बेजार झालेल्या सुनेस, 'भोग आहेत, भोगून संपवावे' असें सांगणारें कोणीतरी घरांत असतेंच. तेव्हां दंडाची कल्पना एका भाषेची मिरास नव्हे. माणसास अकारण दुखणें सहन होत नाहीं. कारण सांपडलें नाहीं तर तो अपराध शोधतो, आणि अपराधी म्हणून बहुधा दुखणाइताकडेच बोट दाखवितो.

ह्या बोटाचें टोंक प्रसूतीच्या खोलींत स्त्रियांस किती बोंचलें, ह्याचा इतिहास लिहिलेला आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें ईथर हुंगवून केलेली शस्त्रक्रिया लोकांसमोर यशस्वी झाली. तीन महिन्यांतच, जानेवारी १८४७ मध्यें, एडिंबरो येथील डॉ. जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनीं प्रसूतीच्या वेळीं ईथर दिला, आणि नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला. तेव्हां कांहींजणांनीं धर्माच्या नांवानें हरकत घेतली. बायबलाच्या आरंभींच्या कथेंत हव्वेस शासन म्हणून प्रसूतीचें दुःख सांगितलें आहे. तें दुःख औषधानें हरण करणें म्हणजे ईश्वराची शिक्षा रद्द करणें नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. सिम्प्सन ह्यांनीं त्याच वर्षीं एक पुस्तिका लिहून उत्तर दिलें, आणि त्या उत्तराचा मोठा भाग शब्दार्थाचा होता. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नसून श्रम, प्रयास असा आहे, आणि आदमानें शेतांत करावयाच्या कष्टांसाठींही तशाच शब्दाची योजना आहे, असें त्यांनीं दाखविलें. शेतकऱ्यानें श्रम वांचविणारीं साधनें वापरलेलीं चालतात, तर बाळंतिणीनेंच काय पाप केलें? शिवाय आदमाची फांसळी काढतांना ईश्वरानें प्रथम त्यास गाढ निद्रा आणली, हीही आठवण त्यांनीं करून दिली. पुढें ७ एप्रिल १८५३ रोजीं राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळीं राणी व्हिक्टोरियानें डॉ. जॉन स्नो ह्यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला, आणि १८५७ सालीं राजकन्या बिआट्रिसच्या वेळीं पुन्हां घेतला. राणीनें घेतलेल्या औषधास पाप म्हणण्याचें धैर्य मग फार थोड्यांस उरलें. एका शब्दाचा अर्थ शिक्षा कीं श्रम, ह्यावर बाळंतिणीनें किती सोसावें हें ठरविलें जात होतें. व्युत्पत्ति ही पंडितांची करमणूक आहे असें समजणाऱ्यांनीं हें प्रकरण ध्यानांत ठेवावें.

विसाव्या शतकांत वेदनेचा अभ्यास हें स्वतंत्र शास्त्र झालें. १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल ह्या दोघांनीं असें मत मांडलें कीं, इजेचा संदेश मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक द्वार लागतें. तें कमीअधिक उघडतें, आणि त्याच्या उघडझांपेवर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही ताबा चालतो. त्या मतांत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु इजा जेवढी तेवढेंच दुखणें, हा जुना त्रैराशिकाचा हिशेब तेव्हांपासून मोडला. मेल्झॅक ह्यांनीं १९७५ सालीं कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाच्या नांवानें एक प्रश्नावलि प्रसिद्ध केली. तींत वेदनेचें वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले असून रोग्यानें त्यांतून आपले शब्द निवडावयाचे असतात. त्यांतील एका गटांतला पहिलाच शब्द आहे 'पनिशिंग', म्हणजे शिक्षा केल्यासारखें दुखणारें. अडीच हजारांहून अधिक वर्षांनीं तो जुना 'पोइने' दवाखान्याच्या कागदावर पुन्हां हजर झाला. फरक इतकाच कीं, आतां तो रोग्यावर ठेवलेला आरोप नसून रोग्यानें स्वतः सांगितलेला अनुभव आहे.

१९७३ सालीं स्थापन झालेल्या वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळानें १९७९ सालीं केलेली व्याख्या २०२० सालीं सुधारली. तिचा आशय असा: शरीराच्या घटकांस झालेल्या किंवा होऊं शकणाऱ्या इजेशीं निगडित असलेला, अथवा तशा अनुभवासारखाच असलेला, संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव म्हणजे वेदना. ह्या व्याख्येस जोडलेल्या टिपणांखालीं शब्दाची व्युत्पत्तिही दिलेली आहे. तींत फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशी ती सगळी वंशावळ आहे. परंतु खुद्द व्याख्येंत अपराध नाहीं, दंड नाहीं. तिचा आधारशब्द 'अनुभव' हा आहे. 'वेदना' शब्दाच्या मुळांतही जाणीवच आहे. म्हणून आमच्या पूर्वजांस अर्वाचीन शास्त्र ठाऊक होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं; एक जुना शब्द आणि एक नवें शास्त्र एका ठिकाणीं येऊन भेटलीं एवढें खरें.

त्याच टिपणांतील आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरांत सांगण्यासारख्या आहेत. कोणी 'मला दुखतें' असें म्हटलें तर त्या सांगण्याचा मान राखावा, ही पहिली. ज्यास बोलतां येत नाहीं त्यास वेदना होत नाहीं असें समजूं नये, ही दुसरी. दुसरी गोष्ट शिकावयास वैद्यकासही फार वेळ लागला. तान्ह्या मुलांस वेदना नीटशी कळत नाहीं अशा समजुतीनें, १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत अनेक ठिकाणीं नवजात अर्भकांवर अपुऱ्या भुलीनें शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें, अशा वेळीं अर्भकाच्या देहावर केवढा ताण पडतो आणि योग्य भूल दिल्यानें तो कसा कमी होतो, हें दाखवून दिलें, आणि ती समजूत ढासळली.

आतां एकत्र कुटुंबाच्या घरांत ह्या सर्वाचा उपयोग काय, तें पाहूं. दुखणाइतास आपण बहुधा 'कां दुखतें?' असें विचारतों, आणि त्या 'कां'च्या मागें न्यायसभा भरते: पथ्य मोडलें असेल, जागरण केलें असेल, काम टाळावयाचें असेल, पूर्वजन्मींचें कांहीं असेल. त्याऐवजीं 'कोठें दुखतें, कसें दुखतें, केव्हांपासून दुखतें?' असें विचारावें. ह्या 'कसें'चें उत्तर देण्यास मराठीइतकी सधन भाषा विरळा. गळूं ठसठसतें, दाढ ठणकते, पोटांत कळ येते, पाठींत उसण भरते, कमरेंत चमक निघते, पायांत शिणका येतो, डोळे चुरचुरतात, तळवे भगभगतात, दंडांत रग लागते. ह्यांतील एकही शब्द दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. भगभग किंवा वीज चमकल्यासारखी सणक पुष्कळदां मज्जातंतूंकडे बोट दाखविते; लाटेसारखी येणारी-जाणारी कळ आंतड्यांचा किंवा मूत्रमार्गाचा संशय उत्पन्न करते. 'पेन होतें' एवढ्या दोन शब्दांत हा सगळा तपशील बुडून जातो. आजीनें तिच्याच शब्दांत सांगितलेलें दुखणें नातवानें तसेंच्या तसें डॉक्टरच्या कानीं घातलें, तर अर्धें निदान तेथेंच होईल.

ज्यांची कर्मसिद्धान्तावर श्रद्धा आहे त्यांस ती सोडावयास कोणी सांगत नाहीं. आपलें दुखणें आपण शांतपणें सोसणें ही मोठीच तपश्चर्या आहे. परंतु ती ज्याची त्यानें करावयाची. दुसऱ्याच्या वेदनेस भोग म्हणून औषधाचा पैसा आणि आपला वेळ वांचविणें हा धर्म नव्हे. शब्दाचें मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, हें व्युत्पत्तिशास्त्राचें पहिलें सूत्र आहे. 'पेन' म्हणजे एकेकाळीं दंड होता; आज नाहीं. म्हणून घरांतील कोणी 'दुखतें' म्हणून सांगूं लागेल, तेव्हां आपण न्यायाधीशाच्या आसनावरून उठावें, अंथरुणाशेजारीं जाऊन बसावें, आणि आधीं तें सारें नीट ऐकून घ्यावें.